हाताच्या मापाची गाडी

सोनाळा
१२ ऑगस्ट २०२५

मामा, पाया पडते.

पत्र पाहून घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. तुम्हाले फोनवर ऐकू येत नाही, अन् तुमच्या अविनाशदादाच्या मोबाईलवर निरोप धाडला तर तो दहा शब्दांतले तीनच तुमच्यापर्यंत पोचवते. मागं मी गाडीच्या ऑइलचं विचारलं होतं, तर तुम्ही गोडेतेलाचा भाव कळवला. म्हणून म्हटलं, आता कागदावरच लिहावं.

काम असं आहे. बचत गटानं मले पशुसखी म्हणून निवडलं. शेळ्यायले लस द्यायची, जंताचं औषध पाजायचं. पाच गावं दिली, सगळी सातपुड्याच्या पायथ्याले. लस बर्फाच्या डब्यात न्यायची असते, बर्फ वितळायच्या आत पोचावं लागते. एसटी जाते, पण ती पोचते तवा शेळ्या रानात चरायले गेलेल्या असतात. मग मी डबा घेऊन पारावर बसून राहते.

घरात सासऱ्यांची मोटारसायकल आहे. मामंजींचा गुडघा दुखते, त्यायनं वर्षभर किक मारली नाही. ती गाडी ते गावातल्या हिंमतरावले विकून राह्यले होते, मी आडवी आली. म्हटलं, मी चालवते. लायसन मी दिवाळीतच काढलं, तुमच्या जावयानं, दीपकनं, पुण्याहून सुट्टीत येऊन गियर शिकवले होते. मामंजी म्हणाले, "ठीक आहे. दसऱ्यापर्यंत एकटीनं पाचही गावं करून दाखव. केली तर गाडी तुही. नाही तर हिंमतराव घेऊन जाईन." अन् मामंजी बोलले म्हणजे बोलले, ते तुम्हाले माहीत आहे.

अडचण एकच आहे. माझी बोटं क्लच-ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पोचत नाहीत. क्लच दाबायले मूठ सोडून हात पुढं सरकवावा लागते. उजव्या हातानं ब्रेक धरायले गेली की त्याच हातानं रेस पिळली जाते. थांबायचं असते तवा गाडी पळते. परवा शेणाच्या ढिगापाशी थांबली, ती ढिगानं थांबवली म्हणून.

मामा, तुम्ही चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. लिव्हर जवळ आणता येते काय? गाडी गेली तर माझं काम जाईन. दुसरी बाई तयारच आहे, तिच्या नवऱ्याजवळ गाडी आहे.

तुमची,
पूनम


मलकापूर
१७ ऑगस्ट

पूनम, आशीर्वाद.

पत्र भेटलं. पोस्टमननं तीनदा दार वाजोलं म्हने. मले काय माहीत, मी आतमंदी दाढी करून राह्यलो होतो. शेवटी त्यानं खिडकीतून पाकीट माह्या साबनाच्या पान्यात टाकलं. तुहा अर्धा मजकूर वाळवून वाचला.

खरं सांगू काय, वाचून मले लाज वाटली. माह्या दुकानात किती लोक येत, म्हनत, "मोतीरामभाऊ, लिव्हर दूर पडते." मी सगळ्यायले एकच सांगे, "होईन सवय." कोनाले सवय झाली नसन तो बिचारा बोटाच्या टोकानं ब्रेक दाबत फिरला असन, माह्या नावानं खडे फोडत. गाडी बनोनारा एका मोठ्या पंजाचा मानूस डोळ्यापुढं धरते अन् बाकीच्यायनं आपला हात तिथवर पुरवत बसावं, हा कोनता न्याय?

आता दहा नंबरचा पाना घे. लिव्हर ज्या पट्ट्यानं हॅण्डलले आवळली असते, त्याचा बोल्ट ढिला कर, काढू नको. गाडीवर नीट बस. हात मुठीवर ठेव अन् बोटं सरळ पुढं कर. मनगट वाकू देऊ नको. बोटं जिथी जातात तिथी लिव्हर आली पायजे. वर असन तर खाली फिरव. मंग बोल्ट आवळ. आवळायचा विसरली तं लिव्हर हातात घेऊन घरी येशीन.

मंग क्लचची केबल पाय. लिव्हरच्या टोकाले एका बोटाच्या जाडीएवढी ढिल ठेव. ढिल अजिबात नसली तं क्लच जळते. लय असली तं गियर पडतानी कडकड वाजते.

एवढं करूनबी पुरलं नाही, तं मले तुह्या हाताचं माप पाठव. मी लिव्हरच दुसरी पाठोतो. अन् तवर हिंमतरावले गाडीच्या सीटवर बसू देऊ नको. गिऱ्हाईक एकदा का सीटवर बसलं की त्याले गाडी आपलीच वाटते.

मोतीराम


सोनाळा
२५ ऑगस्ट

मामा, पाया पडते.

तुमचं सांगणं उशिरा आलं. पोळ्याच्या दिवशी मामंजींनी बैलांसोबत गाडीलेही टिळा लावला, तर हिंमतराव हार घेऊन आले, गाडीले घातला अन् सीटवर बसूनच चहा पेले.

तुम्ही सांगतलं तसं केलं. बोल्ट ढिला केला, लिव्हर खाली फिरवली, आवळायचा विसरली नाही. मनगट आता दुखत नाही. पण बोटाचं एक पेर अजून कमीच पडते. नाल्यापर्यंत जाऊन आली, तेवढ्यात चार वेळा गाडी बंद पडली.

त्यात आत्याबाईंचं वेगळंच. सासूबाई माझ्याशी वाईट नाहीत, पण मी गाडी काढली की त्या ओसरीत सूप घेऊन बसतात अन् नजर हलवत नाहीत. वरून विचारतात, "हे दाबलं की काय होते? मंग ते कायले?" मी सांगते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतात. माझी परीक्षा घेऊन राह्यल्या असं वाटते. काल म्हणाल्या, "पह्यला गियर टाकून एकदम सोडलं म्हून बंद पडली, हळू सोडायचं होतं." मले इतका राग आला, कारण ते बरोबर होतं.

हाताचं माप घेतलं. पोळ्याच्या बाजारात कासार बसला होता, त्याच्याकडूनच घेतलं म्हणजे चूक नको. सव्वादोन भरलं. डाव्या हाताचं जराक कमी आहे.

पूनम


मलकापूर
२९ ऑगस्ट

पूनम,

सव्वादोन वाचून मी कागद उलटा करून पाह्यला, मांगं अजून काही लिहिलं असन म्हून. तुह्या मामीले दाखोलं तवा ती पोट धरून हासली. बाई, मले तुह्या हातात बांगड्या नाही भरायच्या. कासार हाताची रुंदी पाह्यते. मले बोटांची लांबी पायजे, मुठीपासून लिव्हरपर्यंत.

आता सोपं सांगतो. सून घरात येते तवा हळदीचे हात भिंतीवर उमटवते ना? तसेच दोन्ही हात कागदावर उमटव. बोटं नीट जोडून. हळद पातळ करू नको, पसरते. मी त्यावरून लिव्हर घासून देतो. भागवत खरादवाला, लोखंड कातून देनारा, माहा जुना दोस्त आहे, त्याच्याकडं जुन्या लिव्हरा पडल्या आहेत.

वाकवून जवळ आनायचा शहानपना कोनी सांगतला तं ऐकू नको. ते ॲल्युमिनियम आहे, वाकत नाही, तुटते. अन् तुटते तेबी नेमकं ब्रेक दाबतानी.

सासूवर रागावू नको. विचारनारं मानूस घरात असलेलं बरं. माह्या घरात कोनी काही विचारत नाही, विचारलं तं मले ऐकू येत नाही.

मोतीराम


सोनाळा
४ सप्टेंबर

मामा, पाया पडते.

महालक्ष्म्या उठल्या, पाहुणे गेले, आज हात उमटवले. आत्याबाईंनी स्वतः ताटलीत हळद कालवली. मी म्हटलं, मी करते, तर म्हणाल्या, "तू एका हातानं काय करशीन, कागद कोन धरन?" पहिला कागद पसरट उठला म्हणून दुसरा घेतला. तो वाळेपर्यंत मले गटाच्या बैठकीले जायचं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "तू जाय. हे पत्र अन् कागद मी पाकिटात घालून पोस्टात टाकते." माझ्या कामात त्यायनं पहिल्यांदाच असा हात लावला. मले बरं वाटलं.

दसऱ्याले अठ्ठावीस दिवस राह्यले. लवकर पाठवा.

पूनम


मलकापूर
१० सप्टेंबर

पूनम, आशीर्वाद.

सोबतच्या पार्सलात दोन लिव्हरा आहेत, एक क्लचची, एक ब्रेकची. आतल्या बाजूनं वळलेल्या आहेत, म्हून मुठीजवळ येतीन. बोल्टाच्या भोकातला बुश भागवतनं नवीन करून देल्ला. जुनीचा बोल्ट काढ, केबलचं टोक आडवं करून बाहेर घे, नवीत बसव, ग्रीस लाव. ब्रेक लावून गाडी ढकलून पाय, चाक अडलं पायजे. मंगच चालू कर.

एक विचारतो, रागावू नको. तुही माय, माही बहीन, तिचे बोटं लांब होते. लहानपनी तुहेबी तसेच होते, तू माह्या दुकानात येऊन नटांच्या डब्यात हात घालत होती. हे कागदावरचे हात मी दोनदा उजेडात धरून पाह्यले. आखूड, जाड, बोटांचे सांधे फुगलेले. सासरी काम लय पडते काय तुले? असन तं लपवू नको. तुहा मामा बहिरा आहे, मेलेला नाही.

मोतीराम


सोनाळा
१७ सप्टेंबर

मामा,

आज मन ठिकाणावर नाही, चुकलं तर समजून घ्या.

लिव्हरा बसवल्या. दिसायले एकदम जवळ आल्या. मी खूश झाली, दुसऱ्या दिवशी लसीचा डबा बांधून निघाली. दीपकनं मले दोन बोटांनी क्लच दाबायले शिकवलं आहे, बाकीची दोन मुठीवर. आता लिव्हर इतकी जवळ आहे की दाबली की ती माझ्याच दोन बोटांवर येऊन अडते. क्लच पुरा सुटत नाही. चारी बोटं टाकून पाह्यली, तर ती दुमडून तळहाताले लागतात, जोरच येत नाही. हिंमतरावच्या गोठ्यापाशी समोर म्हैस आली. मी क्लच अन् ब्रेक दोन्ही धरले, बोटं चेंगरली, गाडी काही थांबेना. म्हशीले वाचवायले वळवली अन् कडब्याच्या गंजीत घुसली. गाडीसकट.

लागलं नाही फारसं, कोपर खरचटलं. पण डब्याचं झाकण फुटलं अन् लस उन्हात पडली. चाळीस शेळ्यांची लस. हिंमतराव मले बाहेर काढताना आधी गाडी पाहत होते, टाकीले पोचा आला काय म्हणून. गावातले सगळे हसले. मामंजींनी चावी खुंटीवरून काढून आपल्या खिशात ठेवली. नंतर आत्याबाईंनी त्यायले काय सांगतलं माहीत नाही, चावी संध्याकाळी परत खुंटीवर आली.

गटाच्या बाया म्हणाल्या, दसऱ्यानंतर पाहू, नाही तर दुसरीले देऊ. पंधरा दिवस आहेत.

मामा, तुमचं माप चुकलं की माझा हात चुकला? सासरी मले काही त्रास नाही, अन् माझे सांधे फुगलेले नाहीत. तुम्ही असं काऊन लिहिलं तेच कळलं नाही. आता पेन्सिलीनं हात आखून सोबत ठेवते. स्वतः आखला, पाकिटातही स्वतःच टाकते.

पूनम


मलकापूर
२० सप्टेंबर

विहीनबाई सौ. झुंबरबाईंस,

मोतीरामचा नमस्कार. हे पत्र तुमच्या नावानं मुद्दाम वेगळं टाकून राह्यलो, पूनमले दाखवायचं की नाही ते तुमी ठरवा.

माह्या समोर दोन कागद आहेत. एक हळदीचा, एक पेन्सिलीचा. दोन्ही वेगळ्या बाईचे हात आहेत. पेन्सिलीचा माह्या बहिनीच्या पोरीचा आहे, ते मी डोळे मिटून सांगतो. हळदीचा दुसरीचा आहे, अन् तुमच्या घरात बाया दोनच आहेत. पाकीट तुमी टाकलं होतं.

मी रोखठोक मानूस आहे. सुनेनं गाडी चालवू नाही असं तुमच्या मनात असन तं तसं तोंडावर म्हना. तिच्या गाडीत अशी काडी घालू नका. पोर पडली. गंजी होती म्हून वाचली, तिथी दगड असता तं आज आपन दोघं काय बोललो असतो? लिव्हर म्हनजे खेळनं नाही. त्यावर मानसाचा जीव असते.

राग आला असन तं येऊ द्या. मले खरं काय ते कळवा.

मोतीराम


सोनाळा
२३ सप्टेंबर

मोतीरामभाऊ,

मी चौथी शिकलेली, अक्षर सांभाळून घ्या. पूनम वस्तीत गेली आहे, तवर लिहून राह्यली.

तुमचं पत्र वाचून पह्यले राग आला. मंग तुमचं खरं वाटलं. हात माहाच आहे. पसरट उठलेला कागद तो तिचा, मी चुलीत टाकला. दुसरा तिचा चांगला होता, तो मी डब्याखाली दडोला. पाकिटात माहा टाकला. चोरी केली, हाव. पन तिच्या गाडीत काडी घालाले नाही केली.

भाऊ, मले गाडी शिकायची आहे.

हे मी पह्यल्यांदाच कोनाले सांगून राह्यली, तेबी तुमाले, कारन तुमी दूर राह्यता. मले बावन्न वर्सं झाली. ह्यायले सांगतलं तं हे हासतीन. पूनमले सांगतलं तं ती तोंडावर हो म्हनन अन् मनात म्हनन, म्हातारीले काय झालं. ती गाडी शिके तवा मी ओसरीत बसून सगळं पाह्यलं. तिले वाटलं मी परीक्षा घेते. मी तं तिच्यासंगं शिकून राह्यली होती. सूप हातात असे, पन डावा पाय खाली गियर टाकत असे.

मले वाटलं, माहे हात छोटे, तिचे मोठे. छोट्या हाताले जे पुरते ते मोठ्या हाताले तं पुरनच. दोघींचं काम एका लिव्हरात होईन. लहान मापाच्या झंपरात मोठा हात जात नाही, एवढं मले बाईमानसाले कळाले पायजे होतं. पूनम पडली तवा माहं काळीज फाटलं. तिच्या कोपराले हळद लावतानी मले तिच्या तोंडाकडं पाह्यता आलं नाही. ह्यायनं चावी खिशात घातली तवा मी सांगतलं, दसऱ्याचा शब्द दसऱ्यापर्यंत पाळा. तेवढंच करू शकली.

अजून एक. दुपारी घरात कोनी नसतानी मी स्टँडवरच्या गाडीवर बसली अन् तुमची लिव्हर दाबून पाह्यली. चारी बोटं पोचली. बांगडी अन् झंपर सोडलं तं माह्या हाताचं माप घेऊन कोनी काही बनोलं नव्हतं आजवर. मी उगीच पाच-सात वेळा दाबली.

पन आता माहं राहू द्या. तिच्या मापाची लिव्हर पाठवा, लवकर. तिचं काम जाऊ देऊ नका भाऊ. ते काम भेटलं तवापासून पोर सकाळी गानं म्हनत उठते. तिले हे सांगू नका, हात जोडते.

झुंबर


मलकापूर
२७ सप्टेंबर

झुंबरबाई,

माह्या पत्राबद्दल माफी मागतो. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मंग तुमच्या वहिनीले वाचून दाखोलं. ती म्हनली, "चाळीस वर्सं माह्या नवऱ्याचं गाड्यांचं दुकान, मले कोनी विचारलं नाही शिकते काय म्हून." आता माह्या घरातबी भांडन लागलं, ते तुमच्यामुळं.

हे पार्सल अविनाशच्या हाती पाठोतो, त्याले त्याच बाजूले काम आहे. ह्या लिव्हरा दुसऱ्या मोठ्या गाडीच्या आहेत, भागवत अन् मी तीन दिवस घासून तुमच्या गाडीले बसतीन अशा केल्या. लिव्हरच्या मुळाशी एक चकती आहे, तिच्यावर एक ते सहा आकडे. लिव्हर पुढं ढकलून धरायची अन् चकती फिरवायची. आकडा लहान तसी लिव्हर मुठीजवळ. मी दोन्ही कागद ठेवून मोजलं. पूनमचा आकडा चार. तुमचा एक.

गाडी उभी असतानीच चकती फिरवायची, चालू गाडीवर नाही. अन् ज्याच्या हाती गाडी त्यानं निघायच्या आधी आपला आकडा पाहायचा, मंगच किक मारायची.

पूनमले मी काही सांगत नाही. पन अविनाश तिले दोन्ही आकडे दाखोनार आहे. एक कोनासाठी, हे ती विचारनच. त्याचं उत्तर तुमी द्या.

मोतीराम


सोनाळा
४ ऑक्टोबर

मामा, पाया पडते.

अविनाशदादानं लिव्हरा बसवून दिल्या. "तुझा चार," म्हणाला, "अन् हा एक." मी म्हटलं, एक कोणाचा? आत्याबाई तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "माहा." अन् मग सगळं सांगतलं, हळदीच्या कागदापासून.

खोटं नाही सांगत, मले फार राग आला. पडली मी, हसले लोक मले, लस वाया गेली माझी. अर्धा दिवस मी त्यांच्याशी बोलली नाही. दुपारी त्यायनं चहा आणून ठेवला अन् तिथंच उभ्या राह्यल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, पुढच्या वेळी काही पाहिजे असन तर मागा. चोरू नका." त्या म्हणाल्या, "मागाची सवय नाही ना बाई." मग मले राग धरता आला नाही.

एक तारखेले निघाली. नवा डबा गटाकडून मागून घेतला. आकडा चार, दोन बोटांत क्लच. पहिल्या गावाच्या उतारावर दोन बैलगाड्या आडव्या आल्या, मी ब्रेक दाबला अन् गाडी जिथं पाहिजे तिथं थांबली. मामा, एवढं साधं असते हे, अन् मी दोन महिने त्यासाठी रडली. पाचही गावं झाली, एकशे बारा शेळ्या. शेवटच्या गावात एका बोकडानं माझी ओढणी खाल्ली, तेवढंच नुकसान.

परत आली तर दारात मामंजी अन् हिंमतराव खुर्च्या टाकून बसलेले. हिंमतराव नारळ घेऊनच आले होते. मामंजी उठले, इंजिनले हात लावून पाह्यला, चटका बसला तवा हात मागं घेतला. मग लसीची वही मागितली, पाचही गावांच्या लोकांच्या सह्या पाह्यल्या. हिंमतराव म्हणाले, "वामनराव, मी दोनशे वाढवून देतो." मामंजी म्हणाले, "गाडी माही असती तं विचार केला असता. आता सुनेले विचार." हिंमतरावनं मले विचारलं. मी नाही म्हटलं. दसऱ्याले तोच नारळ गाडीपुढं फोडला, हिंमतरावनंच फोडला, प्रसादही खाल्ला.

गटानं काम माझ्याकडंच ठेवलं. अन् आत्याबाईंचं शिकाऊ लायसन काढायले मी त्यायले सोमवारी नेऊन राह्यली. मामंजींना अजून सांगतलं नाही.

पूनम


सोनाळा
२८ ऑक्टोबर

मोतीरामभाऊ, नमस्कार. वहिनीले सांगा, मी पडली नाही. एकदा गाडी पडली, पन मी आधीच उतरली होती.

शिकाऊ लायसन भेटलं. ह्यायले सांगतलं तवा हे हासले, मले वाटलं होतं तसेच. मंग चार दिवस वावरातल्या वाटेवर मी चालवतानी पाह्यलं अन् हासनं बंद झालं. आता मले सांगत राह्यतात, "गियर बदल, गियर बदल." मी ऐकत नाही, मले आवाजावरून कळते.

काल रुक्मिणीकडं गेली होती. रुक्मिणी माही धाकटी बहीन, अकरा किलोमीटरवर दिली आहे. तुमाले वाटन, एवढ्या जवळ, त्यात काय. भाऊ, तीस वर्सं मी तिच्याकडं कशी गेली ते सांगते. कोनी नेलं तं गेली. हे न्यायचे तं गाडीवरून उतरायचे नाहीत, दारातून हॉर्न द्यायचे. दीपक न्यायचा तं मोबाईलमंदी टाईम पाह्यत राह्यचा. रुक्मिणी चहा टाके अन् मी तो उभ्यानं पेत असे, तोंड पोळे. तिच्या घरात भिंतीले टेकून मी कधी बसली नाही. तिचं दुखनं, माहं दुखनं, सगळं दारातच राह्यलं.

काल मी चालवत नेलं. आकडा एक, चारी बोटं लिव्हरवर. मांगं पूनम, लसीचा डबा मांडीवर घेऊन. रस्त्यानं लोक पाह्यत होते, मी पाह्यलं नाही, माही नजर रस्त्यावर. पोचल्यावर पूनम वस्तीतल्या शेळ्यायकडं गेली अन् मी रुक्मिणीजवळ बसली.

तासाभरानं पूनम काम आटपून आली अन् दारात उभी राह्यली. मी सवयीनं कप खाली ठेवला, पदर सावरला अन् उठाले लागली. तशी पूनम म्हनली, "आत्याबाई, उठून काऊन राह्यल्या? गाडी तुमी आनली. कधी निघायचं ते तुमीच सांगा."

भाऊ, असं मले आजवर कोनी विचारलंच नव्हतं. मंग मी खाली बसली, भिंतीले पाठ टेकली अन् रुक्मिणीले म्हटलं, अजून चहा टाक, पूनमचाबी टाक.

झुंबर